मायकेलीचं लॉगिन

सोमवार, ३ जून
आजपासून रोजनिशी. टेक्निकल माणसाने निरीक्षणं लिहून ठेवावीत. लता मॅडमना पंधरवड्यात सर्व्हरचा रिपोर्ट हवाय. हा सर्व्हर म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीचा वॉचमन. राजधानी सुवापासून लाऊच्या दूरच्या बेटांपर्यंत कुणीही नाव-पासवर्ड टाकला की त्याला आत सोडायचं का, हे तो ठरवतो. आणि तो माझ्या हाताखाली आहे.

आकडे पाहिले. उत्तर द्यायला अ‍ॅव्हरेज चाळीस मिलिसेकंद. पापणी लवायच्या आत. मॅडम म्हणाल्या, हे अ‍ॅव्हरेज सुवाचं, बेटांवरची माणसं त्यात कुठे दिसतायत? मॅडमना शंका फार.

संकल्प: आकड्यांचं पान रोज अख्खं वाचायचं. संध्याकाळची यंगोना बंद, त्या मुळीच्या पेयाने डोकं जड होतं.

मंगळवार, ४ जून
अर्धं पान वाचलं. काल यंगोना झाली, पण ती एकाच्या बढतीची होती. ती धरायची नाही.

पानावर एक नाव दिसलं. मायकेली, वातुलाईलाई केंद्र. आज सकाळी आला, वॉचमनने आत सोडलं.

मायकेली म्हणजे माझा आतेभाऊ. बेटावरच्या केंद्राचा मास्तर. मार्चमध्ये वारला.

जुना रेकॉर्ड असणार. दुपारी दालोचा उकडलेला कंद ताटात तसाच ठेवला. कच्चा असावा.

बुधवार, ५ जून
जुना रेकॉर्ड नाही. आज पुन्हा आला, तोही एकाच वेळी पाच कॉम्प्युटरवर. जिवंतपणी एका खुर्चीत मावत नव्हता, आता पाच अडवून बसलाय.

हेल्पडेस्कवरची लोसालिनी म्हणाली, त्याचा पासवर्ड दुसरं कोणीतरी वापरत असेल. शक्यच नाही. सगळ्या केंद्रांच्या मास्तरांना ट्रेनिंगमध्ये मी स्वतः बजावलं होतं की पासवर्ड हा दात घासायचा ब्रश आहे, तो कुणाला द्यायचा नसतो. मायकेली मागच्या बाकावरून म्हणाला होता, "आमच्याकडे नातेवाइकाने मागितला तर ब्रशही द्यावा लागतो, भावा." सगळा वर्ग हसला. आते-मामेभावांनी एकमेकांची टर उडवायची ही आमच्याकडची रीतच आहे, त्यामुळे मी मनावर घेतलं नाही. फक्त आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे लिहून ठेवलेलं बरं.

शुक्रवार, ७ जून. सकाळी
आत्याचा फोन. मंगळवारी मायकेलीची शंभरावी रात्र. त्याच्या सुतकात बंद ठेवलेला समुद्र त्या दिवशी मासेमारीला उघडणार, गाव जेवणार. म्हणाली, पुरायला आला नाहीस, आता तरी ये. संध्याकाळची बोट पकड.

आणखी एक काम सांगितलं. मायकेलीच्या मुलीचा, सेरेआनाचा, शेवटचा पेपर राहिलाय. तो दिला की ती बापाच्या जागी मास्तरीण होईल, नाहीतर केंद्राला कुलूप लागणार. परीक्षेची नोंदणी पुढच्या शुक्रवारी चार वाजता बंद होते आणि तिचं लॉगिनचं काहीतरी अडतंय. आलास की पोरीचं बघ, म्हणाली. नक्की येतो म्हणालो. बॅग भरली.

संध्याकाळी
बोट गेली. सर्व्हर असा वाऱ्यावर सोडून जाता येत नाही. मार्चमध्येही नेमकं हेच झालं होतं. सेरेआनाचं सोमवारी इथूनच बघतो.

सोमवार, १० जून
सेरेआनाचं राहिलं. उद्या.

तो सकाळी आला, दुपारी आला. स्क्रीनकडे पाठ करून बसलो तरी मानेवर नजर जाणवते. मायकेली असाच खुर्चीमागे येऊन उभा राहायचा, आणि आधी त्याच्या खोबरेल तेलाचा वास यायचा. आजही आला. एसी बंद केला तरी जाईना. लोसालिनी म्हणाली की तिने केसांना लावलंय. असेल. पण शनिवारी माझ्या घरात कुणी लावलं होतं?

जेवणाच्या सुट्टीत सर्व्हररूमच्या दाराशी वाटीभर यंगोना ओतली, जुने लोक मेलेल्यांसाठी ओतायचे तशी. चर्चमध्ये कळता कामा नये. मी प्यायलो नाही, तेव्हा संकल्प शाबूत आहे. माझ्यावर रागावलायस का, एवढंच विचारायचं होतं. विचारवलं नाही. सर्व्हररूमशी बोलताना कोणी पाहिलं असतं तर नोकरी गेली असती.

बुधवार, १२ जून
शंभरावी रात्र झाली. समुद्र उघडला. मी मायकेलीचं खातं बंद केलं. मार्चमध्येच करायला हवं होतं, मॅडम म्हणाल्या. मी म्हणालो, मानाखातर थांबलो होतो. ऐकायला बरं वाटलं.

बटण दाबायच्या आधी तीनदा चहा प्यायला उठलो. चहा जास्त होतोय.

गुरुवार, १३ जून
रिजेक्ट. रिजेक्ट. रिजेक्ट. खाली-वर एकच नाव. आज पहिल्यांदाच अख्खं पान वाचलं, कारण पानावर दुसरं काही नव्हतंच.

हॅकर आहे. रशियातला.

लोसालिनी दोनदा सांगून गेली की वातुलाईलाईहून फोन आलाय, तिथे कुणालाच आत जाता येत नाहीये. मी अ‍ॅव्हरेज पाहिलं. अडतीस. पहिल्यापेक्षा चांगलं, कारण नाही म्हणायला सर्व्हरला वेळ लागत नाही. तिला म्हटलं, तिकडे पाऊस असेल, लाइन गेली असेल, थांबायला सांग. तिने माझं वाक्य तारीख-वेळेसकट वहीत लिहून घेतलं. मग गेली.

शुक्रवार, १४ जून
सकाळपासून ठोठावतोय. मी कानात हेडफोन घातले. आवाज मुळात येतच नाही हे नंतर लक्षात आलं, पण काढले नाहीत. जा ना बाबा, असं एकदा मोठ्याने म्हणालो. बाजूचे लोक बघायला लागले.

चार वाजता थांबलं. एकदम. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. रिजेक्ट शून्य.

गेला.

लगेच रिपोर्ट लिहिला. या आठवड्यात सर्व बेटांवर सेवा निर्दोष होती, एक हल्ला यशस्वीपणे परतवला, एकाही विद्यार्थ्याची अडचण झाली नाही. मॅडमनी तो तसाच परीक्षा विभागाला पाठवला. घरी यंगोना. ही आनंदाची. बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागणार.

सोमवार, १७ जून
सकाळी सेरेआनाचा फोन. ती मला मामा म्हणते, आमच्यात बापाच्या मामेभावाला मुलं मामाच म्हणतात.

दर सत्राला पासवर्ड बदलावा लागतो आणि बदलता बदलता बेटावरची लाइन तुटते. सगळ्या मुलांचे पासवर्ड असेच मेलेत. मग मायकेलीने आपलाच देऊन टाकला; मास्तरच्या खात्यातून मुलांची नोंदणीही करता येते, लाइन टिकली तर. नात्यातल्याने मागितलं तर नाही म्हणायचं नाही, आणि त्या बेटावर नात्यातलं नाही असं कोणीच नाही. सेरेआना सांगत होती आणि मी ब्रशचा विनोद आठवत होतो.

"बाबांचं नाव टाकलं की उघडायचं, मामा," ती म्हणाली. "मला वाटायचं बाबाच आतून दार उघडतायत. शंभर रात्रींनंतर ते जातात, आजी म्हणाली होती. पण चार वाजेपर्यंत तरी थांबायला हवं होतं ना त्यांनी?"

मी म्हणालो, टेक्निकल गोष्टी असतात, बघतो.

मॅडमकडे गेलो. सर्व्हरची चूक असेल तर उशिरा नोंदणी चालते, त्या म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून माझा रिपोर्ट काढून माझ्यासमोर ठेवला. खाली माझीच सही. चूक माझी होती असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, जरा तपासून सांगतो.

मायकेलीचं खातं पुन्हा उघडलंय. नियमात बसत नाही. कुणी विचारलं तर टेस्टिंग म्हणून सांगेन.

दुपारपासून पानाकडे बघत बसलोय. सुवाची पोरं येतायत, जातायत. अ‍ॅव्हरेज चाळीस.

मायकेली आलेला नाही.