सीटला डाग लागेल म्हणून

बाबा, परवा नातवाने मोबाइलवर तुमची गाडी दाखवली. तुमची म्हणजे साहेबाची, पण आपल्या घरात ती साहेबापेक्षा तुमचीच जास्त होती. तोच फिकट हिरवा रंग, स्टिअरिंग डावीकडे, पुढेही मागच्यासारखी एकसंध लांब सीट. खाली तिचा इतिहास लिहिला होता, तो तुम्ही ऐकाच. अमेरिकेत त्या काळी गाड्या होडीएवढ्या लांब असायच्या आणि पेट्रोल पाण्यासारखं प्यायच्या. लोक कंटाळले, बाहेरच्या देशांतल्या छोट्या गाड्या घ्यायला लागले, तेव्हा तिथल्या कारखान्यांनीही ह्या आटोपशीर गाड्या काढल्या. नटवेपणा नाही, खर्च कमी, बिघडली तर शेतकरीसुद्धा अंगणात पाना घेऊन दुरुस्त करील. पोस्टमन, शाळामास्तर, सुतार यांनी त्या घेतल्या, त्यांत पोरं कोंबली, कुत्री बसवली, बटाट्याची पोती वाहिली. आता हौशी लोक त्या शोधून शोधून जपतात, त्यांना म्हणे तिच्यात आपल्या लहानपणाचा वास येतो. माझं लहानपण तिच्या शेजारी गेलं, पण मी तिच्यात एकदाही बसले नाही.

तारापूरला वीजकेंद्र उभं राहत होतं आणि ठेकेदाराच्या ट्रकवरून तुम्हाला अमेरिकन साहेबाच्या गाडीवर घेतलं, तेव्हा आपल्या सालवड गावात तुमची मान ताठ झाली. गाडीत चढण्याआधी तुम्ही चपला काढायचात आणि अनवाणी पायाने चालवायचात. सकाळी साहेबाला कामावर सोडायचं, बोईसरहून त्याचं टपाल घ्यायचं आणि वाटेत घरी जेवायला यायचं, हा तुमचा शिरस्ता होता. गाडी चिंचेखाली उभी राहिली की आधी तिची धूळ पुसायची, मग स्वतःचे हात धुवायचे. आई पान वाढून बसलेली असायची. एकदा मी काचेला नाक लावून आत बघितलं, तर तुम्ही पाठीत असा धपाटा घातला की भिंतीवर जाऊन आदळले. "साहेबाची हाय ती! आपल्या बापजाद्यांनी बघितली होती का अशी?" आईने फडक्याने काच पुसून दिली.

आणि तो दिवस. तुम्ही जेवत होता. आईला सातवा महिना होता, चुलीपाशी बसल्या बसल्या तिला रक्त जायला लागलं. शेजारची मावशी धावत आली. तिने आईला बघितलं, मग बाहेर बघितलं. "अरे, दारात गाडी हाय ना! घाल तिला आणि ने पालघरला. वाट कसली बघतोस?" तुम्ही हात न धुताच उभे होता. "साहेबाची हाय मावशी. शिटेला रगत लागलं तं नोकरी जाईल. मी बैलगाडी घेऊन येतो." तेव्हा आई भिंतीला टेकून म्हणाली, "शिटेवर गोधडी टाका. मी हलणार नाय." बाबा, एवढी वर्षं झाली, पण मला अजून तेवढंच ऐकू येतं. मरायला टेकलेली बाई तुम्हाला सीट खराब न करण्याचा शब्द देत होती.

तुम्ही बैलगाडी आणली. आईला गवतावर निजवलं, मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी मागून चढायला गेले तर तुम्ही मला खाली उतरवलं. "तू हितंच ऱ्हा. गाडीला पोरं हात लावतील, लक्ष ठेव." खिशात किल्ली वाजवत तुम्ही बैलगाडीबरोबर चालत गेलात. मी दुपारभर चिंचेखाली बसले. कावळे उडवले, पोरांना दगड मारले. आई वाटेतच, उमरोळीच्या अलीकडे गेली, हे मला रात्री कळलं. मोटारीने ती तोवर दवाखान्यात पोचली असती. वाचली असती की नाही ते देवाला ठाऊक, पण पोचली असती.

न्यायला कोणी आलं नाही म्हणून संध्याकाळी साहेबच एका कारकुनाला घेऊन जीपमधून आला. मी गाडीच्या दाराच्या कडीला पाठ लावून उभी राहिले. बाप कुठे आहे, आईला कशाने नेलं, गाडी इथे का, एवढं त्याने कारकुनाकरवी विचारलं आणि मी सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. त्याने बॉनेटवर अशी मूठ हाणली की पत्रा आत गेला. मग भराभर काहीतरी बोलला. कारकून खाली बघून मला म्हणाला, "साहेब म्हणतायत, आमच्याकडे ही गरिबाची गाडी आहे. बायकापोरांना न्यायलाच बनवलीय. तुझ्या बापाला हे कोणी सांगितलं नाही का?"

नाही सांगितलं, बाबा. आणि सांगितलं असतं तरी तुम्हाला पटलं असतं का? तेराव्यानंतर तुम्ही कामावर गेलात आणि सगळ्यात आधी बॉनेटचा तो पोचा ठोकून सरळ केलात. साहेब नको म्हणत होता तरी केलात. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, असं सगळं सालवड तुमच्याबद्दल म्हणायचं. मीठ साहेबाचं होतं, पण त्याचं जेवण करून वाढणारी कोण होती? मला तुमचा राग येतो. तुम्ही वारलात तेव्हा लोकांना दाखवण्यापुरती रडले, पण राग काही गेला नाही.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून कपाटात ठेवीन. लिहायला बसले होते ते एवढ्याचसाठी की तुम्हाला एकदा तोंडावर सुनावायचं. पण मग हेही लिहायलाच हवं. गेल्या महिन्यात मुलाने नवी गाडी घेतली. पालघरला जाताना धाकटा नातू माझ्या मांडीवरच ओकला, घाबरून आजी आजी करत होता. माझा हात आधी सीट पुसायला गेला.