गच्चीची जबाबदारी सुरुचीकडे

१० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीची मीटिंग लिफ्टसाठी होती. लिफ्टचं काही ठरलं नाही. ठरलं ते असं — मुलांनी मोबाइल सोडावा म्हणून दर रविवारी सकाळी गच्चीवर भाजी लावायची. आणि ते सांभाळणार मी!

सुचवलं राजाध्यक्षकाकूंनी. काका सेक्रेटरी, त्यामुळे काकूंची सूचना म्हणजे ठरावच. ‘‘सुरुचीकडे द्या. तिला मुलांची किती आवड!’’ — आणि माझा हात थोपटला. सगळ्या बायकांचे चेहरे एकदम मऊ झाले.

लग्नाला सोळा वर्षं झाली, घरात मूल नाही, म्हणजे आवड असणारच. मला मुलांची आवड नाही. रागही नाही. मी आणि रघुवीरने लग्नानंतर दोनेक वर्षांत बसून, नीट बोलून ठरवलं — मूल नको. डॉक्टर नाही, नवस नाही, रडारड नाही. पण आमच्या गिरगावात हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून सांगायचं सोडून दिलं. समजा काय समजायचं ते.

रघूला मीटिंगचं सांगितलं. पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, ‘‘मग नाही म्हणायचं.’’ त्याचं बरं आहे. तो मीटिंगला जातच नाही.

१७ नोव्हेंबर

आले तीनजण. बाकीच्यांना क्लास. आरोही — राजाध्यक्षांची नात, दहा वर्षांची, आजोबांच्याच वळणावर. तिसऱ्या मजल्यावरचा अर्णव, सात. त्याची बहीण प्राची, पाच.

लिफ्ट बंद, म्हणून मातीच्या गोण्या जिन्याने. कुंड्यांना सोसायटीने पैसे नाही दिले, म्हणून कोळणीकडून थर्माकोलचे खोके आणले. तीनदा धुतले तरी बोंबलांचा वास! दोन मांजरं मुलांच्या आधी हजर.

आरोही : ‘‘काकू, तुम्हाला गार्डनिंग येतं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुम्ही टीचर का?’’

हा प्रश्न मीटिंगमध्ये कुणाला सुचला नाही.

माझ्या मिसळणाच्या डब्यातली मेथी पेरली. मुळ्याचं बी विकत आणलेलं. टोमॅटोची रोपं नर्सरीतली. अर्णवने माती खाल्ली. ‘‘खारट आहे,’’ म्हणाला. बोंबील.

२१ नोव्हेंबर

मेथी उगवली! सहज वर गेले होते. सहज म्हणजे, ऑफिसचा कॉल अर्धवट टाकून.

१ डिसेंबर

मुळे वाढेनात. कारण कळलं. अर्णव शाळेतून आला की वर जातो आणि एकेक रोप उपटून बघतो.

‘‘काय करतोस रे?’’

‘‘मुळा आला का बघतो.’’

‘‘मग?’’

‘‘नाही आला. परत लावला.’’

माझ्या बॉसची कामाची पद्धत हीच. मला अर्णववर ओरडवेना.

मग प्राची. झारी हातात, सगळं पाणी स्वतःच्या पायांवर. ‘‘काकू, तुला बाळ का नाही?’’ आरोहीने लगेच तिला कोपर मारलं. ‘‘असं विचारत नाहीत!’’

मी म्हटलं, ‘‘मला नको होतं.’’

प्राचीने विचार केला. ‘‘बरं. मला पण भाऊ नको होता.’’

विषय संपला. सोळा वर्षांत हे उत्तर पहिल्यांदा कुणीतरी जसंच्या तसं ऐकून घेतलं.

३ डिसेंबर

संपला कसला! प्राचीने घरी जाऊन सांगितलं. आज तिची आई शिऱ्याचा डबा घेऊन दारात. डोळ्यांत पाणी. ‘‘सुरुचीताई, किती लावून घेतलंत हो मनाला. असं बोलायची वेळ यावी...’’

म्हणजे खरं सांगितलं तर आणखी कीव. शिरा मात्र छान होता. बेदाणे भरपूर.

१५ डिसेंबर

रघू गच्चीवर आला. मी घराची किल्ली विसरले होते, ती द्यायला. द्यायची आणि जायचं — तर उभाच. ‘‘टोमॅटो आडवे पडलेत. यांना आधार नको?’’ मग खाली जाऊन काठ्या आणल्या, सुतळी आणली. सगळी सकाळ मुलांना गाठ मारायला शिकवत बसला. ‘‘घट्ट नाही रे, अर्णव. त्याला वाढायला जागा ठेव.’’

या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!

२२ डिसेंबर

रघूची रविवारची कॅरम मंडळी बोलवायला आली. ‘‘आज जमणार नाही, मुळे काढायचेत,’’ म्हणाला. मंडळींनी माझ्याकडे बघितलं. मी काय करू?

मुळे पेन्सिलीएवढे. तरी तिघांनी असे धरले जसे काही मासे पकडले. मेथी तीन घरांत वाटली, प्रत्येकी एक मूठ. ग्रुपवर तीन घरांचे फोटो — ‘आमच्या मुलांची मेथी!’ वरची मूठभर सोडली तर बाकी भाजी भाजीवालीची आहे, हे फोटोत दिसत होतं. कुणी बोललं नाही. मीही अंगठा टाकला.

२९ डिसेंबर

रघूने तीन छोट्या झाऱ्या आणल्या. तिघांना तीन रंग. प्राचीला पिवळी, कारण ‘तिला गुलाबी आवडत नाही, सगळे उगाच गुलाबी देतात’. हे त्याला कधी कळलं?

५ जानेवारी

नीट लिहिता येत नाहीये.

ऑफिसचा फोन आला म्हणून मी जिन्याकडे गेले. परत आले तर प्राची नाही. हाका मारल्या. उत्तर नाही. आरोही रडायला लागली. कठडा जुना, माझ्या कमरेएवढा. खाली वाकून बघायची माझी हिंमत होईना.

रघूने बघितलं. वाकून, एक बाजू, मग दुसरी, मग तिसरी. मग टाकीमागे पळाला. तिथे होती बाई, खोक्यात मांजराने पिल्लं घातली होती, ती बघत बसलेली. ‘‘मी बोलले असते तर पिल्लं उठली असती.’’

मला एकदम हसू फुटलं — सुटल्यासारखं. रघू हसला नाही. तिला उचललं आणि तसाच खाली बसला, मातीत. सोडेचना. ती म्हणाली, ‘‘काका, दुखतंय.’’ तरी नाही. शेवटी मी त्याचे हात सोडवले.

प्राचीची आई वर आली. आई शांतच होती. ‘‘असंच करते हो ही, घरी पण.’’

६ जानेवारी

राजाध्यक्षांची नोटीस. गच्ची बंद. ‘जबाबदार व्यक्तीच्या दुर्लक्षामुळे.’ बरोबरच आहे. दोन महिन्यांपूर्वी मला हेच हवं होतं.

मग दिवसभर का चिडले?

८ जानेवारी

रघू राजाध्यक्षांकडे गेला! सोळा वर्षांत त्यांची बेल वाजवली नव्हती. कठड्याला जाळी लावून देतो, स्वतः थांबतो, मुलं वर असताना गच्चीचं दार आतून बंद ठेवतो — सगळं कबूल करून परवानगी घेऊन आला. मी म्हटलं, ‘‘आता इलेक्शनला उभा राहा.’’

‘‘त्या मुलांचे टोमॅटो आहेत ते,’’ म्हणाला. मी आणखी एक टोमणा तयार ठेवला होता. मारला नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं. मग सगळी बिल्डिंग गच्चीवर — पहिला पिकलेला टोमॅटो कापायला! एकच. आरोहीने कंपासपेटीतल्या पट्टीने मोजून पाच फोडी केल्या. आंबट ढाण! ‘‘गोड आहे,’’ अर्णव म्हणाला. मग सगळ्यांनीच गोड म्हटलं.

रघू प्राचीचं तोंड रुमालाने पुसत होता. राजाध्यक्षकाकू माझ्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात : ‘‘किती छान बाप झाला असता गं!’’

मी हसून म्हटलं, ‘‘झालाय की. टोमॅटोचा.’’

सगळे हसले. रघूने रुमालाची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

२ फेब्रुवारी

सकाळी तो वर जायला निघाला होता. मी म्हटलं, ‘‘कंटाळा आला बाबा या लोकांच्या दयेचा. एकदाचं सांगून टाकू या सगळ्यांना, की आपण ठरवलं होतं.’’

चप्पल घालता घालता म्हणाला, ‘‘सांग ना. फक्त ‘आपण’ म्हणू नकोस.’’

रागाने नाही. नेहमीच्याच आवाजात. गेला वर.

मघापासून तो दिवस आठवते आहे. चौपाटीवर बसलो होतो. मी काय काय बोलले ते सगळं आठवतं, शब्द न् शब्द. तो काय म्हणाला?