पाद्री थांबतो तिथे

३ फेब्रु., मंगळ.
सुनावणीत कोळीवाड्यातर्फे मीच बोलायचं ठरलं. कॉलेजातले वक्तृत्वाचे कप अजून कपाटात आहेत, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. खाडीकाठी लोकांना फिरायला रस्ता होणार आणि त्यापायी आमचा धक्का बुजवणार. होड्या मग काय गच्चीवर लावायच्या?

४ फेब्रु.
संध्या. वर्तकनगरला नमिताकडे. ती इंग्रजी शिकवते. तिने त्या अमेरिकन पाद्र्याचं भाषण छापून ठेवलेलं, काळ्यांच्या हक्कांसाठी लढला तो. दोघींनी बसून चिरफाड केली. सुरुवात अगदी संथ. एकच वाक्य परत परत, दर वेळी जरा चढं. आणि मधेमधे थांबणं. न. म्हणाली, "सगळी ताकद त्या थांबण्यात आहे गं." मग माझ्या भाषणात थांबायच्या जागी लाल रेघा मारल्या. खूश!

६ फेब्रु.
धक्क्यावर तालीम. आई, वेणूमावशी, बाकीच्या मासळीवाल्या. पहिल्या लाल रेघेला थांबले. मावशी लगेच, "गप का झालीस गो? लिलाव संपला काय?" आमच्याकडे बोली पुकारणारा गप्प झाला की माल गेला. टोपल्या उचलून निघाल्याच सगळ्या! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, तुमचं तुम्हीच बोला मग.
घरी आल्यावर जेवण गेलं नाही. धक्का गेला तर या बायका जाणार कुठे...

८ फेब्रु., रवि.
छापील कागद बाजूला ठेवून त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं. अरे! तो थांबतो तिथे शांतता नाहीच. समोरचे लोक हुंकार देतात, ओरडतात, त्याला पुढे ढकलतात. कागदावर तो एकटाच छापलेला. न.ला फोन केला. ती हसायलाच लागली. "म्हणजे आपण अर्धंच भाषण वाचलं."
लगेच मावशीकडे गेले. "मी थांबले की तुम्ही बोलायचं."
"ओरडू?"
"ओरड."
तिला काय, तेवढंच हवं होतं.

१२ फेब्रु., गुरु.
झाली सुनावणी! "जाळी कुठे सुकवायची?" थांबले. मागून, "धक्क्यावर!" साहेब म्हणाले, शांतता राखा. "होड्या कुठे लावायच्या?" "धक्क्यावर!" पुन्हा, शांतता राखा. "मासळी कुठे उतरवायची?" "धक्क्यावर!" या वेळी साहेब पेन खाली ठेवून बायकांकडे बघत राहिले. निर्णय दिला नाही. सोमवारी धक्का बघायला येतो म्हणाले. मी म्हटलं, भरतीच्या वेळेला या, ओहोटीला नुसता चिखल दिसेल.

१३ फेब्रु.
न. म्हणते, फार आशा धरू नकोस, नकाशे तयार आहेत त्यांचे. माहीत आहे. तरी वाटतेय आशा, काय करू?
आई सकाळपासून कोळंबी सोलताना काहीतरी पुटपुटत होती. विचारलं तर, "काय नाय." साहेबलोकांसमोर ती कधी उभी राहिलेली नाही, बँकेतही मलाच पुढे करते. जेवताना एकदम म्हणाली, "सोमवारी मी बोलू काय गो? तू मागं ऱ्हा, ओरडाला."