गाळलेली जागा

प्रिय ठकू,

तुझा फोटो मिळाला. कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात, कुठल्याशा हॉलात, कानांवर ते भलेमोठे डबे चढवून तू उभी आहेस आणि समोर शे-दीडशे माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून, डोळे मिटून गोल गोल फिरताहेत. खाली लिहिलंयस की इथला मिलोंगा अगदी वेगळा आहे. मी भिंग घेऊन बघितला. काय वेगळं आहे गं? तोच मिणमिणता उजेड, त्याच भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या, तेच काळे शर्ट घालून पोट आत ओढणारे पुरुष, मखमली पिशवीतून नाचायचे जोडे काढणाऱ्या त्याच बायका. मागचा तुझा फोटो डोंगरावरच्या गावातला होता. दोन्ही शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते मला ओळखता येणार नाही. ही माणसं विमानाने अर्धं जग ओलांडतात आणि पोचतात ते आपल्या घराजवळच्याच खोलीत. वर तोंड करून सांगतात, टँगोने आम्हाला जग दाखवलं! आणि मिलोंगा म्हणजे तरी काय, टँगो नाचायला जमलेला घोळका. पण तो शब्द उच्चारताना यांचे चेहरे असे होतात की बघणाऱ्याला वाटावं, आता समाधीच लागणार.

आमच्याकडे अगदी आत्ताआत्तापर्यंत ये रे माझ्या मागल्या चालूच होतं. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल, रविवारची दुपार, आणि कोपऱ्यातल्या ओट्यावर आम्ही चौघं. मी माझी बटणांची पेटी मांडीवर घेऊन, औषधवाला व्हायोलिनवर, शाळेतली मास्तरीण पियानोवर, आणि मागे आपला म्हातारा खांब. त्याच्याहून उंच अशा त्या थोरल्या व्हायोलिनला, म्हणजे डबल बासला, मिठी मारून तो अजून तसाच ताठ उभा राहायचा. वरून हॉल छान दिसायचा. इथे कुणी कुणाला तोंडाने नाचायला विचारत नाही, माहीत आहे ना? लांबून डोळ्याला डोळा भिडवायचा आणि मान किंचित हलवायची, की झालं आमंत्रण. तर आमचे दंतवैद्य, म्हणजे मंडळाचे चिटणीस, एकदा हिरव्या झग्यातल्या बाईंकडे बघून मान हलवते झाले, आणि उठल्या त्यांच्या मागे बसलेल्या बाई. हिरव्या झग्यातल्याही उठल्या. जन्मभर लोकांच्या तोंडात बघितलेला माणूस, डोळ्यांत बघायची वेळ आली की गडबडायचाच. शेवटी मागच्या बाईंबरोबर एक गाणं नाचून त्यांना म्हणाले, आभारी आहे. या लोकांत एका जोडीने सलग तीन-चार गाणी नाचायची असतात, आणि ती संपायच्या आधी आभार मानले की त्याचा अर्थ, पुरे झालं तुझं, जा आता. त्या बाई चहाच्या वेळेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. एवढे सोपस्कार करून शेवटी नाचतात काय, तर एकमेकांच्या पायांवर पाय देत पुढे सरकतात.

आणि यांची संगीताची जाण! एखादं गाणं आम्हाला जमून गेलं की कुणीतरी ओट्याशी येतो आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणतो, अगदी रेकॉर्डसारखं वाजलं हो. समोर चार जिवंत माणसं घाम गाळताहेत, आणि यांची शाबासकी काय, तर तुम्ही डबाबंद मालाच्या अगदी जवळ पोचलात! जुन्या तबकड्या साफसूफ करून नाचणाऱ्यांना ऐकवायच्या, या तुझ्या कामाबद्दल माझं मत तुला तोंडपाठ आहे, म्हणून ते पुन्हा उगाळत नाही. मेलेल्यांनी वाजवलेलं जिवंतांना विकायचं, आणि त्यासाठी गावोगाव हिंडायचं. तुझी आई असती तर माझ्या पाठीत बोट खुपसून म्हणाली असती, अहो, तुम्हाला नाचणारे आवडत नाहीत, वाजवणारे आवडत नाहीत, ऐकणारे आवडत नाहीत, मग तुम्ही पेटी उघडता कशाला?

आमची ती एकुलती एक तबकडी तुला आठवतच असेल. आठवतच असेल म्हणजे काय, तुझं नाव झालं ते तिच्यावर. तुझा जन्म व्हायच्या आधी साबणाच्या गोदामामागच्या खोलीत आम्ही ती मुद्रित केली. चाल माझी, पियानोवर तुझी आई, खांब तेव्हाही खांबच, आणि एक व्हायोलिनवाला जो पुढे परदेशी गेला. वासाने डोकं दुखत होतं आणि तुझ्या आईला मधेच शिंकांवर शिंका येत होत्या. तबकडीला कुणी कुत्रं विचारलं नाही. पुढे तू तान्ही असताना घर बदललं, तेव्हा कपाटाचा कोपरा तिच्यावर बसला आणि तिला चरा गेला. आई गेल्यावर त्या दिवसांत तू ती घेऊन खोलीचं दार लावून बसलीस, संगणकावर काय काय खटपट केलीस, आणि ती जगाला ऐकवलीस. मग तेच जग वेडं झालं. अपरिचित वाद्यमेळाचं रत्न काय, हरवलेला खजिना काय! ज्या गाण्याकडे तुझ्या आईच्या हयातीत कुणी ढुंकून बघितलं नाही, ते आता दहा देशांत नाचलं जातं. मी तुझी ती प्रत कधी ऐकली नाही. आपण काय वाजवलं ते ऐकायला मला यंत्र कशाला हवं? आणि तुझी आई गेल्यावर आम्ही ते वाजवणंही सोडलं होतं.

पण यंदा हॉलाचा वर्धापनदिन आला आणि दंतवैद्य हटून बसले. म्हणाले, साऱ्या जगात जे वाजतंय ते त्याच्या घरी वाजत नाही, ही आपली शोभा आहे. माणूस मूर्ख, पण बोलला ते खरं होतं. मी होकार दिला. मास्तरणीला पियानो मी माझ्या आठवणीतून शिकवला, सूर न् सूर. दुसऱ्या भागात, व्हायोलिन दम घ्यायला थांबतं ना, तिथे पियानो एकटाच वरून उतरत येतो आणि शेवटच्या पायरीवर मुद्दाम घुटमळतो. गवयांच्या भाषेत जिला जागा म्हणतात, तशी जागा. मी चालीत ती लिहिलेली नव्हती. तुझ्या आईने फक्त त्या मुद्रणात, आयत्या वेळी घेतली, आणि मी पेटीचा भाता अर्धा उघडा धरून तिच्याकडे बघत राहिलो. तेवढी एक जागा मास्तरणीकडून बसवून घ्यायला मी तिला रडवायचंच बाकी ठेवलं. शेवटी आली. हुबेहूब नव्हे, पण आली.

त्या रविवारी हॉल गच्च भरला. बाहेरगावचे लोक, फुलं, भाषणं. आम्ही गाणं सुरू केलं, पहिला भाग झकास गेला, सगळे पाण्यासारखे वाहत होते. दुसरा भाग आला, व्हायोलिन थांबलं, मास्तरणीने जागा घेतली, आणि ठकू, काय सांगू तुला, अख्खा हॉल एकाच क्षणी ठेचकाळला. सगळ्यांनी एकदम पुढे पाय टाकला आणि गाणं तिथे नव्हतंच. ते अजून जिन्यावरून उतरत होतं. टाचा वाजल्या, कपाळावर कपाळं आपटली, कुणी किंचाळलं, एक गृहस्थ खुर्चीसकट आडवे झाले. मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी समोर घडताना पाहिली, कारण पुढच्याच मिनिटाला ती सगळी मंडळी ओट्याकडे बोट दाखवत होती. आम्ही चुकलो म्हणे! माझ्या चालीत मी चुकलो! प्रत्येकाला ते गाणं पाठ होतं, आणि प्रत्येक जण मला सांगत होता की व्हायोलिननंतर लगेच पेटी येते, मध्ये काही नसतंच. मी त्यांना गाढवं म्हटलं. मनात नव्हे, मोठ्याने.

तेव्हा दंतवैद्य पुढे आले आणि दात उपटताना करत असतील तसा मऊ आवाज करून म्हणाले, आपण मूळ रेकॉर्डच ऐकू या ना. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ती कानातली बोंडं माझ्या हातात दिली. सारा हॉल बघत होता. मी तोऱ्यातच ती कानात घातली, की आता यांची जिरवतो. आणि तुझी प्रत मी पहिल्यांदा ऐकली. आवाज इतका स्वच्छ की आईच्या शिंकेआधीचा श्वाससुद्धा ऐकू आला. मग दुसरा भाग. व्हायोलिन थांबलं, आणि लगेच माझी पेटी. मध्ये काही नाही. जिना नाही, पायरी नाही, कुणी उतरलं नाही. चरा नेमका तिथे होता. सुई तिथून उडी मारत असणार, आणि तू त्या उडीचा खटका काढून टाकून दोन्ही काठ असे जुळवलेस, की निष्णात रफूगारालाही टाका दिसू नये. खाली काय होतं ते तुला ठाऊक असायचं कारणच नाही. अख्खी तबकडी तू कधी ऐकलीच नव्हतीस. तुला एवढंच कळत होतं की आईचं गाणं तुटतंय, आणि ते तुटू द्यायचं नाही. सारं जग गेली कित्येक वर्षं तुझ्या त्या टाक्यावरून पाय टाकतंय, आणि त्यातल्या एकालाही खाली काही राहून गेल्याचा वास आला नाही. कान आहेत की भिंतीला मारलेल्या खुंट्या?

एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांची तोंडं मिटली असती. खांब तर मागून पुटपुटत होता, सांग ना, पोरीची प्रत अर्धवट आहे म्हणून. पण समोर ही मंडळी उभी होती, आणि यांना मी ओळखून आहे. नाचात यांची पावलं अडखळतात, जिभा नाही. संध्याकाळपर्यंत दहा देशांत झालं असतं की जिच्या प्रतीवर एवढं नाव झालं, तिने गाणं कापलंय. ज्यांनी तुला डोक्यावर घेतलं त्यांनीच मग तुझ्या एकेका प्रतीत भोकं शोधली असती. आणि तू कुठल्यातरी परक्या गावात, कुणातरी उपटसुंभाच्या तोंडून, ऐकलं असतंस की तू तुझ्या आईलाच गाळलंस. म्हणून मी बोंडं काढली, दंतवैद्यांच्या हातात दिली आणि म्हणालो, बरोबर आहे तुमचं. माझीच आठवण चुकली. वय झालं.

त्या क्षणी त्यांचे चेहरे बघायला हवे होतेस. रागावलेली माणसं मला चालतात. पण यांना माझी दया आली! हिरव्या झग्यातल्या बाईंनी माझा हात थोपटला. यांच्यात एक मेंदूचे डॉक्टर आहेत, ज्यांना नाचताना स्वतःचा डावा पाय सापडत नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन आजचा वार विचारला. मी सांगितला, आणि त्यांच्या जोड्याची नाडी सुटलीय तेही सांगितलं. पुढच्या बैठकीला मंडळाने मला एक मोठ्ठा गुच्छ दिला, मी आता विश्रांती घ्यावी असं ठरवलं, आणि हॉलात कधीही फुकट येऊन बसायची मुभा दिली. आता रविवारी दुपारी तिथे एक तरुण खोका लावून त्यावर रेकॉर्डी वाजवतो. औषधवाला आणि मास्तरीण घरी येऊन माझ्याकडे पडेल चेहऱ्याने बघून गेले. खांब रोज येतो, शिव्या देतो, चहा पितो आणि जातो. मी त्याला शपथ घातलीय, तो बोलणार नाही.

हे सगळं मी तुला कळवणार नव्हतो. पण दंतवैद्य सपत्नीक तुझ्या त्या पुढच्या महोत्सवाला निघालेत, आणि त्यांनी मला मोठ्या मनाने सांगितलंय की तुझी भेट घेऊन ते तुझ्याशी नीट बोलणार आहेत. म्हणजे तुला कोपऱ्यात नेऊन, तो मऊ आवाज काढून सांगतील की बाबांना विसर पडायला लागलाय, स्वतःचं गाणंसुद्धा आठवत नाही त्यांना. त्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडावं, एवढ्यासाठी लिहितोय. सगळं टाकून धावत येऊ नकोस, आणि त्यांना खरं सांगायला जाऊ नकोस. बिचारा चेहरा कर, आभार मान आणि पुढचं गाणं लाव. जगाने मला विसरभोळा म्हटलं तर म्हणू दे, त्या जगाची किंमत मला ठाऊक आहे. पण तुला तसं वाटलेलं मला चालणार नाही, ठकू. तुझ्या आईच्या हाताचा एकही सूर मी विसरलेलो नाही. सवडीने घरी आलीस की पियानोशी बस, ती जागा मी तुला शिकवतो.

तुझाच, डोकं ठिकाणावर असलेला,
बाबा