तांबड्या रिबिनीची कोयती

महाड,
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २००३, दुपारी

प्रिय सेजल,

युसुफचाचांच्या गॅरेजात उभ्या असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये बसून हे लिहितोय. चाचा जुम्म्याच्या नमाजला गेलेत. चार वाजता सभा आहे, आणि तुझ्या भावाला, नितेशला, दहावीला बसू द्यायचं की पोलिसात द्यायचं ते तिथे ठरणार. त्याआधी हे पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, हुमेराच्या हातून तुला मिळालं पाहिजे, म्हणून अक्षराला हसू नकोस. कॉलेज सोडल्यापासून टायरांच्या नंबरांपलीकडे काही लिहिलेलं नाही मी.

कॉलेज का सोडलं ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? तुला बघून शिट्टी मारणाऱ्याला मी जिन्यावरून खेचून बडवला. प्राचार्य म्हणाले, माफी लिहून दे. त्यांनी दिलेला कोरा कागद त्यांच्यासमोर फाडून मी निघालो. वाटलं, तू खूश होशील. तू गेटाशी उभी होतीस. म्हणालीस, "रामा, तू माझ्यासाठी नाय भांडलास. तुला भांडायचंच होतं." त्यानंतर दीड वर्ष रोज सकाळी पोलादपूरच्या एसटीतून उतरताना तू दिसतेस, आणि मी पाना हातात घेऊन उगाच गाडीखाली शिरतो.

डिसेंबरात स्टँडवर झालं ते तू पाहिलंस. आपली उमरठकडची पोरं आणि इथली मोहल्ल्यातली पोरं, सायकलच्या चेनी, हॉकीच्या काठ्या, आणि कारण काय तर एसटीतली मागची सीट. त्यानंतर आपली गावकी आणि इथली जमात पहिल्यांदा एका सतरंजीवर बसली. गॅरेजपुढे ऑइलचं रिकामं पिंप ठेवलं. ज्याच्याकडे जे हत्यार असेल ते त्यात टाकायचं, कुणी नाव विचारायचं नाही. पण खरी युक्ती तुझ्या आईची, साळूकाकीची. शाळा सुटायच्या वेळेला दोन्हीकडच्या बायकांनी मोड आलेले वाल घेऊन स्टँडवर सोलत बसायचं. काकी म्हणाली, "आयशीम्होरं कोनाचा हात उठतो तं बघू!" दुसऱ्याच दिवशी चाचांचा पुतण्या नौमान आपल्यातल्या कुणालातरी डोंगऱ्या म्हणाला, तर काकीने त्याच्यापुढे पातेलं सरकवलं. "लय जोर हाय ना रे बोटांत? मंग सोल." त्याची आई, नुरजहाँचाची, शेजारीच बसलेली. ती म्हणाली, "साल नीट काढ, डाळिंबी मोडू नको." सगळा स्टँड हसला, नौमानसुद्धा. दोन महिने एक थप्पड ऐकू आली नाही.

आणि पिंपापाशी उभं राहायला, पोरांच्या एसटीतून जायला कुणाला नेमलं? मला! गावकीचे गोमाजीमामा म्हणाले, "ह्यालाच राखन करायला मानूस लागतो." चाचा म्हणाले, "म्हणूनच. पोरं त्याचंच ऐकतात." पोरांनी ऐकलं गं. माझ्या डोळ्यांदेखत चेनी पडल्या, मुठीत घालायचे फायटर पडले. प्रत्येकाच्या पाठीवर मी हात ठेवला.

मग या सोमवारी नितेशच्या दप्तरातून कोयती निघाली आणि नौमानची दोन बोटं फाटली. उजव्या हाताची. दोघांचीही परीक्षा दहा दिवसांवर. नौमानला आता लेखनिक घ्यावा लागेल. नितेशचं हॉलतिकीट हेडमास्तरांनी अडवून ठेवलंय. चाचांनी पुतण्याच्या हाताला टाके घालून आणले आणि तरीही ते चौकीत गेले नाहीत. एवढंच म्हणाले, कोयती कुणी दिली ते शुक्रवारपर्यंत सगळ्यांसमोर कळू दे. नितेश पाच दिवस एकच सांगतोय, रस्त्यात सापडली. स्टँडवर वाल सोलायला परवापासून कुणी आलेलं नाही.

बुधवारच्या सभेत ती कोयती टेबलावर ठेवली होती. मुठीला मुलीची तांबडी रिबीन, म्हणून सगळ्यांनी तुमच्याच घराकडे बोट दाखवलं. तुला विचारलं. तू म्हणालीस, आमची नाही. ते खरं होतं. मग विचारलं, कुणाची? तू माझ्याकडे बघितलंस. आणि म्हणालीस, ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी शेतात राब भाजायला टहाळ तोडताना माझ्या कोयतीची मूठ चिरली होती. माझा तळवा कापला गेला म्हणून तू वेणीची रिबीन सोडून मुठीला गुंडाळलीस, दातांनी गाठ मारलीस. त्या गाठीमुळे ती पिंपात टाकवली नाही माझ्याच्याने. सगळ्या पोरांची हत्यारं मी टाकून घेतली आणि स्वतःचं केबिनच्या सीटखाली ठेवलं. इथेच, आत्ता बसलोय त्याच सीटखाली. रविवारी जादा तासाहून नितेश आला. कुणीतरी त्याचा एसटीचा पास फाडून गटारात टाकला होता, गालावर वळ होता. तो रडत होता. मला म्हणायला हवं होतं, चल, काकीला सांगू. माझं डोकं फिरलं. गोणपाटात गुंडाळून त्याच्या दप्तरात मीच घातली. म्हणालो, नुसती दाखव. सेजल, नुसती दाखवायला सोळा वर्षांच्या पोराच्या हातात कुणी कोयती देतं का?

आज सभेत नारळ ठेवणार आहेत आणि पहिली हाक तुला मारणार आहेत. ग्रामदेवतेच्या नावाने नारळावर हात ठेवून तू पुन्हा "ठाऊक नाही" म्हणशील, याची मला खात्री आहे, आणि म्हणूनच हे लिहिलं. तू बोलायच्या आत मी उठणार आहे. नितेशने माझं नाव गिळलं, तू गिळलंस, तुमच्या घराने आता आणखी काही गिळू नये. मला चौकीत नेलं तर मधे पडू नकोस. नौमानच्या समोर कसं उभं राहायचं ते अजून सुचलेलं नाही. कोयती रिबिनीसकट पिंपात जाईल. गाठ मी सोडणार नाही, तूही मागू नकोस. आणि एक कर. उद्या शाळा सुटायच्या वेळेला काकीला वाल घेऊन स्टँडवर बसव, दुसरं कुणी येवो न येवो. नुरजहाँचाची येतील.

तो फाडलेला माफीचा कागद आज लिहून झाला. तुझ्याच नावाने.

चार वाजेपर्यंत तरी तुझाच,
रामा