मांदुवीच्या ढोलीत

प्रिय बाबा,

आशीर्वाद द्या. तुम्ही अक्षर अक्षर जुळवत वाचता, म्हणून मोठं आणि सुटं सुटं लिहितेय. तेरेरेचं शिंग थंड पाण्याने भरून घ्या, सावलीला बसा आणि घोट घेत निवांत वाचा. एका बैठकीत नाही जमलं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी वाचा, पण शनिवारच्या आत संपवा. तुमच्या तळावर फोन लागत नाही, आणि लागला असता तरी हे मला तोंडाने सांगता आलं नसतं. बोलायला लागले की माझा घसा सुकतो, तुम्हाला ठाऊकच आहे. गुरांच्या तांड्याचा आचारी खेचरं घेऊन उद्या तिकडे निघालाय. त्याच्या खोगिराच्या पिशवीत हे घालतेय. धाकटी रोझेली बरी आहे. तिची दाढ शेवटी काढली, आता गाल फुगवून सगळ्यांकडून लाड करून घेतेय. पिंगट घोडीला शिंगरू झालं. पाणी अजून कुरणांत चढलेलं नाही, पण मुंग्या खांबांवर चढायला लागल्यात.

मागच्या कुरणातला जुना मांदुवी तुम्हाला सांगायला नको. त्याचं खोड सरळसोट, वर गांधीलमाश्या, शिडी पुरत नाही, आणि त्याच्या दुबेळक्यात तुमच्याखेरीज कुणाचा दोर आजवर बसलेला नाही. सप्टेंबरात निळ्या मकाव पोपटांची एक जोडी त्याच्या ढोलीत डोकावून गेली. झालं, मालकीणबाई दोना ओटिलिया रोज दुर्बीण लावून बसायला लागल्या. मग एके दिवशी व्यवस्थापक वाल्देसिरने लांब काठीला कॅमेरा बांधून ढोलीत सरकवला, पडद्यावर पांढरी अंडी दिसली, आणि तो तिथूनच ओरडला, “मकाव! दोना, मकाव बसला!” मी म्हटलं, जरा थांबा. मकाव ढोलीचं लाकूड चोचीने कुरतडतो, भुशाची गादी करतो आणि तिच्यावर अंडी घालतो. इथे भुसा कुठेय? नुसत्या ओकलेल्या बिया पडल्यात. वाल्देसिर म्हणाला, “झालं, बाईंची शाळा भरली!” सगळे हसले. मीही हसले. घाबरले की मी हसते.

त्यानंतर जे झालं ते दुसरीकडे कुठे झालं नसतं. साओ पाउलोहून आलेल्या पाहुण्यांना दोनांनी आपल्या कोरड्या दिवसांतल्या साओ जुआंवच्या सणाच्या शेकोटीची गोष्ट सांगितली. निखाऱ्यांवरून हात धरून उडी मारली की नातं जुळतं, आणि ते रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं धरतात, वगैरे. पाहुणे हरखले. मग अंगणात भर पावसाळी महिन्यात शेकोटी पेटवली. एकेका अंड्याच्या नावाने पाहुण्यांच्या जोड्या निखाऱ्यांवरून उडाल्या आणि न फुटलेल्या अंड्यांचे धर्मआई-धर्मबाप झाले. एका बाईंनी तर बाळाचं नावही ठेवलं. नाताळात आम्ही आमची बाळं बघायला येणार, असं सांगून सगळे गेले. गुराखी कुंपणाला टेकून बघत होते. कुणीतरी म्हणालं, “बाप्तिस्म्याचं जेवण कोण घालणार, मकाव?”

अंडी फुटली ती तुकानची.

मी पडद्यावर पहिल्यांदा पिल्लं पाहिली तेव्हा, खरं सांगू, मला ती कुरूपच वाटली. अंगावर एक पीस नाही, डोळे मिटलेले. ती मोठी नारिंगी चोच अजून कुठेच नाही, नुसता एक मऊ आखूड तुकडा, तोही खालून लांब आणि वरून आखूड. टाचांना मात्र खरखरीत गाद्या असतात, आपल्या बैलाच्या खांद्याला घट्टा पडतो तशा. आईबाप ढोलीत काही अंथरत नाहीत, तेव्हा पिल्लं त्या टाचांवरच बसून वाढतात. मला ते आवडलं. अंथरूण नसेल तर घट्टे घेऊनच जन्माला यायचं!

दोनांनी मला व्हरांड्यात बोलावलं. वाल्देसिर शेजारी उभा होता. पाहुणे यायच्या आत ढोली रिकामी करायची, असं ठरलं होतं. पिल्लं काढून टाकायची आणि नाताळात मी, पक्ष्यांची माहिती सांगणारी शिकलेली मुलगी, पाहुण्यांना सांगायचं की तुमची मकावांची अंडी तुकानने खाल्ली. मी नीट ऐकलं ना, याची खात्री करायला पुन्हा विचारलं. दोना म्हणाल्या, “त्यात खोटं काय गं? खातोच की तो.”

खातो. बाबा, इथे मला तुमच्याशीही प्रामाणिक राहायचंय, कारण तुम्हीही तुकानला चोरच म्हणता आणि आपल्या खुराड्यातली पिल्लं त्याने उचललेली मीही पाहिलीत. मकावांची अंडी तो खातो, पुष्कळ खातो. पण या ढोलीतलं त्याने काही चोरलेलं नाही. ढोली मोकळी होती. त्याची चोच एवढी मोठी दिसते, पण आतून पोकळ, हलकी, तिने लाकूड फोडता येत नाही. दुसऱ्याने सोडलेली किंवा कुजून झालेली जागा शोधायची, एवढंच त्याच्या हातात आहे. आणि आणखी एक. मांदुवीच्या शेंगा फुटल्या की बिया गिळून लांब नेऊन टाकणारा बहुतेक तुकानच असतो. ज्या झाडात मकाव जन्मतो ते झाड तुकानच्या पोटातून आलेलं असतं. मी हे दोनांना सांगितलं. आवाज चिरकला, पण सगळं सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, “मी हे करणार नाही, आणि कुणी केलं तर पाहुण्यांना खरं काय ते सांगेन.”

मी पाच वर्षांची असताना याच दोनांनी माझा हात धरून निखाऱ्यांवरून उडी मारली होती. त्यांच्यामुळे मी शहरातल्या शाळेच्या वसतिगृहात गेले. आपल्या घरात अक्षर आलं ते त्या उडीतून आलं, हे मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. म्हणूनच निघताना रीतीप्रमाणे हात जोडून आशीर्वाद मागितला. त्यांनी हात पुढे केला नाही. “आगीचं नातं आगीतच गेलं, इवानिर,” म्हणाल्या. वाल्देसिर मागून म्हणाला, “पाखरासाठी नोकरी घालवते, अशी शहाणी तूच गं बाई!” पायऱ्या उतरून खाली पोचल्यावर कळलं, अजून आशीर्वाद मागायला जोडलेले हात मी सोडलेच नव्हते.

तेव्हापासून मी त्या जोडीकडे बघतेय, आतलं ढोलीतच राहिलेल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर. तुकान मोठा धीट पक्षी असेल असं मला वाटायचं. नाही हो. पिल्लांवर बसलेला असतानाही जरा खुट्ट झालं की गुपचूप निघून जातो, भांडत नाही, ओरडत नाही. पाहिलं की वाटतं, हा माझाच भाऊ. पण तो परत येतो. दरवेळी येतो. आधी लांबच्या झाडावर बसतो, मान वाकडी करून बघतो, मग जवळच्या फांदीवर, मग आत. आणि आत गेला की चोच पाठीवर टाकतो, शेपूट वर दुमडतो आणि एवढासा गोळा होऊन बसतो. बसणारी दरवेळी मादीच असते असं नाही. नरही बसतो. दोघं आळीपाळीने बसतात, दोघं भरवतात, आधी किडे आणि मग फळं, आणि आतली घाण दोघंही चोचीने बाहेर काढतात. मी पुन्हा पुन्हा पाहून खात्री करून घेतली, मगच तुम्हाला लिहितेय.

कारण मला ते वर्ष आठवलं. रोझेली जन्मली आणि आई गेली. तुम्ही तेव्हा तांड्याच्या पुढे शिंग फुंकत जायचात, सगळ्या नदीकाठाला तुमचा सूर ओळखू यायचा. तुम्ही शिंग खुंटीला टांगलं आणि घरी बसलात. दुपटी धुतलीत, मांडीवर रोझेलीला घेऊन बाटली धरलीत, माझ्या वेण्या घातल्यात, त्या कधी सारख्या झाल्या नाहीत. तांडा दारावरून गेला तेव्हा घोड्यावरून तुमचेच सोबती ओरडले होते, “काय रे आदाउतो, अंडी उबवतोस काय?” मी दाराआड होते. मला वाटलं, बाबा आता आत येतील आणि दार लावून घेतील. तुम्ही रोझेलीला खांद्यावर नीट घेतलंत आणि म्हणालात, “हो, बसलोय. तुला जागा करून देऊ का?” ते हसत पुढे गेले. तुम्ही आत आलात आणि भाताला फोडणी दिलीत. त्यावर आपण कधी बोललो नाही.

आता शनिवारचं सांगते, गुराख्यांकडून कळलेलं. वाल्देसिर तुमच्याकडे येणार आहे, सोबत तुमच्यासाठी खोगीर घातलेला घोडा असेल. त्या दुबेळक्यात दोर टाकणारा दुसरा कुणी त्यांना मिळालेला नाही. तो तुम्हाला सांगेल की वर चढून ढोली रिकामी केलीत तर तुमच्या मुलीची नोकरी राहील आणि दोना सगळं विसरतील. तुम्ही माझ्यासाठी चढाल, हे त्याला माहीत आहे. मलाही माहीत आहे. म्हणून लिहितेय. बाबा, माझ्यासाठी चढू नका. माझ्या नोकरीसाठी त्या ढोलीत तुमचा हात जायला नको. मी दुसरीकडे काहीतरी बघेन, घाबरत घाबरत बघेन, पण बघेन. मी माझी झोपायची झोळी कुंपणाजवळच्या दोन झाडांना बांधली आहे. अगदी मांदुवीखाली बांधणार होते, पण तेवढ्या जवळ गेलं तर जोडी आत जात नाही, म्हणून मागे सरकले. इथून त्यांना माझी सवय झालीय आणि मला कुरणात येणारी वाट दिसते. पिल्लांचे डोळे आता उघडलेत. ती उडेपर्यंत मी इथून हलत नाही. कालच वाल्देसिर घोडा थांबवून ओरडला, “काय गं, अंडी उबवतेस काय?” माझा घसा सुकला होता, तरी आवाज निघाला. मी म्हटलं, “हो, बसलेय.”

तुमचीच,
इवानिर