बाहेरून अडसर

सोमवार
आलो एकदाचे! मी, माझी लेक ठमी आणि टेंपोभर हत्यारं. जुन्या गावातलं हे घर पूर्वी होतं तसं पुन्हा उभं करायचंय आणि लाकडाचं सगळं काम माझ्याकडे आहे. राहायला खालच्या दोन खोल्या मिळाल्यात. नवरा शनिवारी येईल, तोवर आम्हा दोघींचंच राज्य. ठमीने आल्याआल्या जिन्याच्या कठड्यावरून घसरून फ्रॉक फाडला आणि माझा ओरडा खाल्ला.

मंगळवार
कामावरच्या मोठ्या बाई भलत्याच काटेकोर. त्यांच्याकडे घराचे जुने फोटो आहेत आणि फोटोत आहे तसंच्या तसं हवं, हा त्यांचा हेका. माडीवरच्या टोकाच्या खोलीचा मात्र आतून एकही फोटो नाही. नुसतं बंद दार, त्यालाही बाहेरून जाडजूड अडसर. या घरातली पोरं फार द्वाड असणार, असं रंगारीकाका म्हणाले. आम्ही पोट धरून हसलो. नवा अडसर आजच बसवला. बोटाने ढकलला तरी सरकतो. स्वतःवरच खूश आहे.

बुधवार
ती खोली आतून पांढरी रंगवून झाली. रंग वाळावा म्हणून दार सताड उघडं ठेवलंय.

गुरुवार
ठमी दिवसभर तिथेच. आत एक मुलगी आहे म्हणे, ठमीचं बोलणं हुबेहूब करून दाखवते. पोरांचे खेळ, म्हणून मी कानाआड केलं. संध्याकाळी माडीवरून ठमीची हाक आली. जिना चढायला लागले, तर ठमी माझ्या मागे उभी, गाजर खात. रात्रभर तिला कुशीत घट्ट धरून होते.

शुक्रवार, सकाळ
मोठ्या बाईंना सांगितलं. कामाचा ताण आहे, म्हणाल्या. मी फोटो पुन्हा पाहिले. प्रत्येक फोटोत अडसर लावलेला आहे. एका फोटोत तर दाराला कपाटही टेकवलंय. द्वाड पोरांसाठी कोणी एवढं करत नाही. आम्ही अडसर बसवला, पण लावलाच नाही.

दुपार
लावला. सगळे जेवायला गेलेत. ठमी पुन्हा आत गेली होती. दंडाला धरून फरफटत बाहेर काढली आणि अडसर ढकलला. ती मांडीवर आहे. लिहून ठेवते, नवरा आला की वाचेल—

आतून हाका. ठमीचा आवाज. “आई, दार उघड.” फसायचं नाही.

आता हुंदके. दारावर धपाधप—

मांडीवरची गप्प आहे. एवढं फरफटत आणलं, रडली नाही. माझी ठमी जरा खरचटलं तरी गाव गोळा करते. ही रडलीच नाही—

देवा, मी कोणाला आत—

उठतेय. हिने डावं मनगट धरलंय. सुटत नाही. दाराकडे बघून म्हणाली, “रडू नकोस, बाळा. आई इथेच आहे.” माझ्या आवाजात. आतली गप्प झाली. तिला वाटलं मीच—